स्टॅकमध्ये न मावलेलं तळं

चांगल्या माणसाच्या विहिरीवर पाणी मागायला जाणं फार अवघड. माणूस वाईट असता तर आम्ही पत्रक काढलं असतं, दोन घोषणा दिल्या असत्या, मोर्चा नेला असता आणि मोकळे झालो असतो. पण विहिरीवाले तात्या चांगले होते. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, जात विचारली नाही, दोर ओढून घेतला नाही. पाणी द्यायचे, आणि पाण्याबरोबर उपदेश द्यायचे. पोरीला किती शिकवणार? कॉम्प्युटर शिकून काय तव्यावर टाकणार काय? वस्तीतल्या पोरांनी पत्रकं वाटत फिरण्यापेक्षा दोन म्हशी बांधाव्यात, दूध डेअरीला घालावं. घागर भरेपर्यंत आईनं हे ऐकायचं आणि अधूनमधून "व्हय तात्या" म्हणायचं.

घरी आली की ती चुंबळ कोपऱ्यात भिरकावायची.

"घागरीनं न्हाय दुखत मान," म्हणायची, "त्या 'व्हय तात्या'नं दुखती."

आमची बौद्ध वस्ती कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या पलीकडं, एका लहान पाझर तलावाच्या काठाला. तलावाचा मोठा भाग बांधाच्या बाजूला, शेतांकडं. आमच्याकडं त्याचा एक अरुंद फाटा यायचा. त्याला सगळे शेपटी म्हणायचे. पावसाळा सरला की शेपटीत पाणी छान असायचं, बायका तिथंच धुणं धुवायच्या, वरच्या झऱ्यातून प्यायचं भरायच्या. पण होळी झाली की शेपटी आटायला लागायची. गंमत म्हणजे तेव्हा बांधाकडं पाणी असायचं. म्हशी डुंबत असायच्या. आमच्याकडं मात्र चिखल, आणि चिखलाच्या पलीकडं तात्यांची विहीर.

हे सांगतेय ते दोन हजार सालाच्या आसपासचं. त्या उन्हाळ्यात पंचायत तलावातला गाळ काढणार होती. एक मेच्या ग्रामसभेत ठराव व्हायचा होता, आणि बोलणं चालू होतं ते फक्त बांधाकडच्या गाळाचं. शेपटीचं कुणी नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "शेपटीत गाळच न्हाय, ती मुळातच उथळ हाय." हे सांगणारे सगळे दुष्ट होते असं नाही. त्यांनी कधी शेपटीत पाय घातला नव्हता, एवढंच. पण या वर्षी शेपटी ठरावात आली नाही तर गाळ काढायचं यंत्र पुन्हा कधी येणार, हे कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे आईची "व्हय तात्या" पुढची कैक वर्षं चालू.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते आणि उरलेल्या वेळात आमच्या युवक मंडळाची पत्रकं लिहीत होते. खरं तर उलटं: पत्रकं लिहीत होते आणि उरलेल्या वेळात शिकत होते. पत्रकाचं शिक्षण कडक असतं. विहारात बसून आमच्यातल्या थोरल्यांनी ते आम्हाला दिलं होतं. पान एकच. मागणी एकच. जागा संपली तर अक्षर बारीक करायचं नाही, वाक्य कापायचं. आणि चौकात उभं राहून ज्याचा जाब देता येत नाही ते छापायचं नाही. हे नियम मी कधी कुणाचा अन्याय मानले नाहीत. हे इथं मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं एका यंत्रानं मला तोच नियम सांगितला तेव्हा मी अंगावर धावून गेले.

मोजायचं आम्ही दोघींनी ठरवलं. दुसरी म्हणजे माझी वर्गमैत्रीण. तिचे वडील वारणानगरला साखर कारखान्यात, घर कामगार वसाहतीत, आणि ती कोल्हापुरात हॉस्टेलवर. ती कालव्यात पोहायला शिकलेली, मला पोहता येत नव्हतं. म्हणून ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकून ती पाण्यात, आणि मी काठावर आकडे लिहायला. दोर आडवे-उभे ताणले होते. प्रत्येक ठिकाणी दोन मापं घ्यायची. दोरीला दगड बांधून सोडला की चिखलाचा वरचा थर कळायचा. मग बांबूच्या टोकाला बांधलेली लोखंडी सळई चिखलात दाबत न्यायची, ती कडक मुरुमाला टेकली की खरा तळ. दोन्हींतला फरक तो गाळ.

काठावर पोरंसोरं, म्हातारे, म्हशी जमायच्या.

"काय सोनं हुडकाय लागलाय व्हय?" एकानं विचारलं.

"गाळ हुडकतोय," ती ट्यूबवरून ओरडली.

"गाळ? आमच्या घरला चल की, गटारीत लई हाय!"

मोजलेल्या जागा थोड्या होत्या, तळं मोठं. मधल्या न मोजलेल्या जागांचा अंदाज आजूबाजूच्या मापांवरून काढायचा आणि सगळ्याची बेरीज करायची, हे काम कॉम्प्युटरचं. तळ्यावर एक जाळी आखायची, प्रत्येक चौकोनाला एक आकडा द्यायचा. प्रोग्रामच्या भाषेत त्या आकड्यांच्या रांगांना अ‍ॅरे म्हणतात. आम्ही सी भाषेत प्रोग्राम लिहिला. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं, आणि आत एसीच्या गारव्यात कुडकुडत टाइप करायचं.

मैत्रिणीनं पहिल्यांदा तीस बाय तीसची जाळी घेतली. छान चालली. प्रिंटरनं कर्रकर्र करत तळ्याचा आकार काढला. मी तो हातात धरून उलटासुलटा करून बघितला.

"शेपटी कुठं हाय?"

तिनं कागद घेतला. "असंल की इथंच कुठंतरी."

नव्हती. जाळीचा एकेक चौकोन शेपटीच्या रुंदीपेक्षा मोठा होता. तळ्याचा काठ गोलमटोल दिसत होता आणि आमच्या वस्तीकडं पाणी जातंय असं त्या कागदावरून कुणालाही वाटलं नसतं.

"म्हणजे कागदावरबी आमी न्हाय," मी म्हणाले.

"अगं, चौकोन मोठा झालाय. भाषण नको. बारीक करू."

शंभर बाय शंभर केली. या वेळी शेपटी आली. आणि तिच्यात गाळ आला तो एवढा, की मी खुर्चीतून उठलेच. बांधाकडच्या गाळापेक्षा किती तरी जास्त! मला पत्रकाचा मथळा तिथंच सुचला: शेपटीत गाळ नाही म्हणणाऱ्यांनो, हा घ्या आकडा! मी वही काढून लिहायलाही लागले. मैत्रीण मात्र पडद्याकडं बघत नख खात बसली होती.

"थांब की जरा," ती म्हणाली.

"आता कशाला थांबायचं?"

"इथं गाळाची जाडी बघ. आपली सळई एवढी लांब हाय व्हय?"

नव्हती. सळई माझ्या खांद्याइतकी होती. ती पूर्ण आत गेली असती तरी पडद्यावरचा आकडा मोजता आला नसता. मी म्हणाले, मधल्या जागांचा अंदाज आहे, अंदाज वाढू शकतो. ती म्हणाली, आजूबाजूच्या मापांची सरासरी त्या मापांपेक्षा मोठी होतेच कशी? मी म्हणाले, तू कुणाच्या बाजूनं आहेस?

"सळईच्या," ती म्हणाली.

मग तिनं एक साधी गोष्ट केली. हिशेब झाल्यावर आम्ही सुरुवातीला भरलेली मापंच पुन्हा छापून बघितली. ती बदलली होती. आम्ही पाण्यात भिजून, उन्हात उभं राहून घेतलेले आकडे तिथं नव्हतेच. त्यांच्या जागी भलतंच काहीतरी बसलं होतं.

हे कसं झालं ते थोडक्यात सांगते, कारण माझा सगळा संताप त्यावरच आहे. प्रोग्राममधलं एखादं फंक्शन, म्हणजे एका कामाचा तुकडा, चालू झालं की त्याला स्वतःच्या वापरासाठी मेमरीतली एक जागा मिळते. काम संपलं की जागा परत. त्या जागेला स्टॅक म्हणतात. फंक्शनच्या आत लिहिलेला अ‍ॅरे या स्टॅकमध्ये बसतो. आमच्या कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टॅक मुळात चार किलोबाइटचा, साधारण चार हजार बाइटचा, होता. तीस बाय तीसची जाळी त्यात जेमतेम मावत होती. एका आकड्याला चार बाइट, म्हणजे शंभर बाय शंभरला लागत होते चाळीस हजार बाइट. दहापट. आमची जाळी स्टॅकच्या बाहेर सांडली आणि आमच्याच मापांवर जाऊन बसली. प्रोग्रामनं त्या चिखलातून बेरीज केली आणि गुमान आकडा दिला. कुठं अडखळला नाही, कुठं ओरडला नाही.

ओरडायची सोय मात्र होती. मैत्रिणीनं मेन्यू उघडून उघडून शोधली. स्टॅक भरून वाहतोय का हे तपासायचा एक पर्याय होता, आणि तो बंद होता. तिनं तो चालू करून प्रोग्राम चालवला. काळा पडदा, एकच ओळ: स्टॅक ओव्हरफ्लो. आणि प्रोग्राम बंद. शेजारच्या मशीनवर बघितलं, तिथंही पर्याय बंद. त्याच्या शेजारीही. सगळ्या लॅबमध्ये बंद.

मी तशीच अनवाणी सरांच्या केबिनमध्ये गेले. हे सर लॅबचे प्रमुख होते, करवीर तालुक्यातल्याच एका खेड्यातले, बोलायला फटकळ.

"या पुढारीणबाई," ते म्हणाले. "आज काय, निवेदन का घेराव?"

"सर, चौसष्ट एमबीची मशीनं आहेत म्हणून कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलंय. आणि आमच्या अ‍ॅरेला चार केबी? एवढी जागा कुणासाठी राखून ठेवलीय?"

"कुणासाठी न्हाय. कंपायलर जुना हाय."

"आणि इशारा बंद कुणी केला?"

"मी."

मला वाटलं होतं ते टाळाटाळ करतील. माझं पुढचं वाक्य टाळाटाळीला धरून तयार होतं, ते वाया गेलं.

"बस," सर म्हणाले. मग सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी इशारा चालूच असायचा. प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे. पोरांचा प्रोग्राम जरा मोठा झाला की काळा पडदा आणि ती ओळ. परीक्षक ओळ वाचायचे आणि शून्य द्यायचे. खेड्यातून आलेली पोरं, घरी मशीन नाही, लॅबमध्ये एका मशीनवर तिघं तिघं. स्टॅक म्हणजे काय हे धड शिकवायला तेव्हा सरांनाही वेळ नव्हता. एक पोरगी पडद्यासमोर रडत बसली ती उठेचना. त्या परीक्षेनंतर सरांनी सगळ्या मशीनवरचा तो पर्याय बंद करून टाकला.

"त्यानंतर कुणाचा प्रोग्राम बंद पडला न्हाय," ते म्हणाले.

"आणि किती जणांची उत्तरं चुकली?"

 सर म्हणाले, "ते कुणी तपासलं न्हाय. परीक्षेत सांडलं तरी थोडंसंच सांडतंय, बहुतेक बरोबरच येत असंल."

त्या दिवशी मी हे 'बहुतेक' घेऊन बाहेर पडले आणि मैत्रिणीजवळ सरांना यथेच्छ शिव्या दिल्या. इशारा बंद केला म्हणून पूर थांबतो काय? ही आपल्याकडची खास रीत आहे, मी म्हणाले, दुखणं राहू दे, बोंब बंद करा! यावर मी आजही ठाम आहे. पण सरांचा चेहराही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांनी तो पर्याय आळसानं बंद केला नव्हता, कुणाला तरी वाचवायला केला होता. तात्यांसारखंच. दुष्ट माणसाशी भांडायची मला सवय होती. चांगल्या हेतूनं बसवलेल्या गैरसोयीशी कसं भांडायचं याचं पत्रक मला अजून नीट लिहिता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच आमच्या मशीनवर आले. उभ्या उभ्या प्रोग्राम वाचला.

"चार केबी हा आकडा देवानं ठरवलेला न्हाय," म्हणाले. "कंपायलर बनवणाऱ्यानं ठरवलाय. प्रोग्रामच्या वर एक ओळ लिही, स्टॅक एवढा पायजे म्हणून. वाढतोय."

"एका ओळीत?" मला राग यावा की आनंद व्हावा कळेना. "मग हे पहिल्यांदाच का नाही सांगत?"

"विचारलंस का पहिल्यांदा? तू डायरेक्ट केबिनमध्ये मोर्चा आणलास." ते हसले. "पण ऐक. चौसष्ट केबीच्या पुढं न्हाय जाणार. तिथं खरी भिंत हाय, मशीनची रचनाच तशी. त्या भिंतीवर तू कितीबी पत्रकं डकव, ती सरकायची न्हाय."

आम्ही ओळ लिहिली. इशारा चालू ठेवला. प्रोग्राम मुकाट्यानं, बरोबर चालला. आधीच्या घोळानंतर आता थेट फरकाची एकच जाळी न घेता दोन्ही थर वेगळे घेऊन पडताळायचं ठरलं, आणि चिखलाच्या वरच्या थराची जाळी तयार झाली. मग खऱ्या तळाची दुसरी जाळी त्याच फंक्शनमध्ये घातली, कारण दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी करायची होती, आणि कंपायलरनं प्रोग्राम बनवायलाच नकार दिला. चाळीस आणि चाळीस, ऐंशी हजार. भिंत.

ग्रामसभा जवळ आली होती. मी म्हणाले, पुन्हा जाळी मोठी करूया, पन्नासची घेऊ. करून बघितली. शेपटी दिसत होती, पण तुटक तुटक. मधेच पाणी, मधेच जमीन. ज्यांना शेपटी मान्य नव्हती त्यांना हे आयतं कोलीत मिळालं असतं. सर म्हणाले, स्टॅकचा नाद सोडा, मोकळ्या मेमरीतून हवी तेवढी जागा मागून घ्या आणि काम झालं की परत करा. रीत चांगली होती. पुढं नोकरीत मी ती कितीदा तरी वापरली. तेव्हा मात्र 'मागून घ्या' म्हटल्याबरोबर माझं तोंड कडू झालं, आणि मैत्रीण माझ्याकडं बघून फिसकन हसली. तिला माझ्या आईची मान ठाऊक होती.

"मागायचं नसंल तर एक सांगू?" ती म्हणाली. "आपल्याला आख्खं तळं एकदम कशाला पायजे?"

"म्हणजे?"

"वजाबाकी एका चौकोनाची त्याच चौकोनाशी हाय. वरच्या थराची एक रांग घे, तळाची तीच रांग घे, वजा कर, बेरजेत टाक, छाप. मग पुढची रांग त्याच जागेत. मागच्या रांगेचं काय लोणचं घालायचंय?"

मी वहीत हिशेब मांडला. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. शंभर आकड्यांच्या दोन रांगा, आठशे बाइट. मुळातल्या चार केबीत आरामात बसून वर जागा उरली. स्टॅक वाढवणारी ओळ आम्ही पुसून टाकली. इशारा चालूच ठेवला. आणि तळं एकेका रांगेनं प्रिंटरमधून खाली यायला लागलं: गाळ कमी तिथं टिंब, मध्यम तिथं बेरजेचं चिन्ह, जास्त तिथं फुली.

आता त्या कागदाबद्दल. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा निराश झाले. शेपटीत जवळजवळ सगळीकडं टिंबं. म्हणजे "शेपटीत गाळच न्हाय" म्हणणारे बऱ्यापैकी खरं बोलत होते! आधीचा तो चुकीचा आकडा किती देखणा होता, किती छान छापला गेला असता. आणि आता हातात टिंबं. मैत्रिणीनं कागद टेबलावर पसरला आणि शेपटी जिथं तळ्याला मिळते त्या तोंडापाशी बोट ठेवलं. तिथं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फुल्यांची ओळ होती. आडवी. भरगच्च. जसा काही उंबरठा घातलाय.

शेपटी गाळानं भरली नव्हती. तोंडाशी बुजली होती. बांधाकडचं पाणी जरा खाली गेलं की त्या उंबरठ्याच्या पलीकडंच थांबत होतं.

तीस बाय तीसच्या जाळीत ती ओळ दिसली नसती, शेपटीच दिसली नव्हती. सांडलेल्या स्टॅकच्या आकड्यातही दिसली नसती, कारण तिथं सगळीकडं गाळच गाळ होता. मी मथळा खोडला. नवीन पत्रकात मागणी एकच: तोंड मोकळं करा. खाली तळ्याचा तो टिंबाफुल्यांचा नकाशा, आणि त्याखाली एक ओळ: ज्यांना शंका असेल त्यांनी सळई घेऊन यावं.

एक मेला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. तात्या जोतिबाच्या यात्रेहून आल्याला बरेच दिवस झाले होते, पण गुलाल अजून त्यांच्या कानामागं आणि फेट्याच्या घड्यांत होता. त्यांनी पत्रक लांब धरून बघितलं.

"हे काय? कागदाला कसर लागलीय व्हय?"

लोक हसले. मी म्हणाले, "तळ्याचा नकाशा हाय तात्या. कॉम्प्युटरनं काढलाय."

"कॉम्प्युटर कवा पाण्यात उतरला?"

पुन्हा हशा. एरवी मी इथं भाषण ठोकलं असतं. शब्द तोंडात आलेही होते. पण चौकात जाब देता येईल तेवढंच छापलं होतं, म्हणून जाब सोपा होता.

"तो न्हाय उतरला. ही उतरलीती," मी मैत्रिणीकडं बोट केलं. "आणि आता तुमी उतरा. सळई आणलीय."

तात्या उठले. त्यांच्या मागं अर्धी ग्रामसभा उठली. तळ्यावर जाऊन धोतर खोचून ते शेपटीत शिरले आणि सळई रोवली. टक्. मुरुम.

"बघा! म्हटलंतं न्हवं? गाळ न्हाय."

"नकाशातबी टिंबच हाय तिथं," मैत्रीण काठावरून म्हणाली. "आता तोंडापाशी चला."

तोंडापाशी त्यांनी सळई दाबली. ती गेली. आणखी दाबली. आणखी गेली. हात चिखलाला टेकला तेव्हा ते थांबले आणि वळून आमच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर हार नव्हती, जीत नव्हती. शेतकरी बांध फुटलेला बघतो तसं बघितलं.

"आयला," ते म्हणाले, "पाणी अडीवलंय की हितं." आणि मागं वळून ओरडले, "लिवा ठरावात. थोडकंच काम हाय. यंत्र आलंच हाय तर हिकडनं एक फेरी मारंल."

एवढंच झालं. घोषणा नाही, हार-तुरे नाहीत. मला जरा चुकल्यासारखंही वाटलं, कारण मी लढाईची तयारी करून आले होते. यंत्रानं बांधाकडचा गाळ काढला आणि जाता जाता तोंडाचा उंबरठा उचलला.

सरांचं सांगायचं तर त्यांनी लॅबमधल्या मशीनवर तो इशारा पुन्हा चालू केला आणि नव्या वर्षापासून स्टॅकवर एक वेगळा तास घ्यायला लागले. पहिल्या तासाला मला बोलावलं होतं. "पुढारीण, तुझ्या तळ्याचं सांग," म्हणाले. मी भाषणाच्या तयारीनं गेले आणि फळ्यावर दोनच गोष्टी लिहून आले: चार केबी आणि चौसष्ट केबी. एक मर्यादा कुणीतरी ठरवलेली, दुसरी रचनेतली. अडलो की आधी विचारायचं, यातली कुठली? ठरवलेली असेल तर ठरवणाऱ्याला गाठा. रचनेतली असेल तर आपलं काम रांगेरांगेनं कसं बसेल ते बघा. चळवळीत एवढी वर्षं काढल्यावर मला वाटतं, आमची निम्मी ताकद या दोन्हींत गल्लत करण्यात जाते. भिंतीला निवेदनं देतो आणि निवेदनानं हलेल त्याला भिंत समजून घरी बसतो.

पुढच्या उन्हाळ्यात होळी झाली, शेपटीत पाणी होतं. जोतिबाची यात्रा झाली, तरी होतं. आई दुपारी काठावर उभी राहायची, काम नसताना. एकदा म्हणाली, "मान हलकी झालीया बघ." मी मनात पत्रकाचा मथळा करून टाकला.

मग उन्हाचा शेवटचा कडाका आला आणि शेपटी आटली. कारण ती मुळातच उथळ होती, हे लोकांचं म्हणणं खरंच होतं. तेवढ्या दिवसांसाठी आईनं पुन्हा चुंबळ डोक्यावर ठेवली. मी म्हणाले, मी जाते. ती म्हणाली, चल मागनं.

तात्या विहिरीच्या काठावर मोटर दुरुस्त करत बसले होते. आईला बघून त्यांचं तोंड उजळलं.

"काय पावणं! वाट चुकलासा व्हय? लई महिनं झालं, कुणी बोलाय न्हाय, काय न्हाय." आणि मोटर बाजूला ठेवून त्यांनी घसा खाकरला. वर्षभराचा साठा आत होता, दिसतच होतं.

आईनं घागर पाण्यात सोडली. मी "व्हय तात्या"ची वाट बघत होते.

"तात्या," आई म्हणाली, "औंदा थोडंच दिस यायची हाय मी. सांगायचं त्ये रोज एका घागरीत बसंल एवढंच सांगा. दुसरी घागर मी गप भरणार."

 तात्या मोठ्यांदा हसले.

"एका घागरीत?" ते म्हणाले. "बरं. मग म्हशीचं उद्या सांगतो. आज पोरीच्या नोकरीचं बघू."

आईनं घागर जरा सावकाश भरली.